रब्बी ज्वारीचे संशोधन : मोहोळ ते धारवाड

हुबळी आणि धारवाड या जुळ्या शहरांच्या मधोमध अमरगोळ हे गाव आहे. प्राचीन देवालयांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना ते परिचित आहे. शेतकऱ्यांना मात्र ते परिचित आहे हुबळीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या विस्तीर्ण आवारामुळे. कापूस, मिरची, भुईमूग, मूग यांबरोबर रब्बी हंगामाची ज्वारीही येथे येते. ज्वारीचे पोते सोडले की घेणारा मूठभर दाणे तळहातावर पसरतो आणि दाण्याचा टपोरेपणा, शुभ्रता व मोत्यासारखी झाक पाहतो. या कसोटीला जी ज्वारी उतरते तिला कन्नड भाषक शेतकरीही ‘मालदांडी’ याच नावाने ओळखतात. दाणा पावसात सापडून काळवंडलेल्या संकरित ज्वारीचा भाव तिच्या जवळपासही पोहोचत नाही.

या मालदांडीचे मूळ अमरगोळपासून बरेच दूर, सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी धारवाड, विजापूर व बेळगाव हे जिल्हे मुंबई राज्यातच होते आणि मोहोळ, सोलापूर, विजापूर, धारवाड येथील शेतकी संशोधन एकाच खात्याकडून चालत असे. पुढे प्रशासन वेगळे झाले. काळ्या जमिनीचा पट्टा आणि त्यावरचे पीक तेच राहिले. धारवाडचे १९४७ साली स्थापन झालेले कृषी महाविद्यालय आज ज्या कृषिविज्ञान विद्यापीठात आहे ते विद्यापीठ १९८६ मध्ये अस्तित्वात आले, तर राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ पासून कार्यरत आहे. दोन्ही विद्यापीठे रब्बी ज्वारीवर काम करतात व दोन्हीकडे नव्या वाणाची तुलना अखेर मालदांडीशीच केली जाते. जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीचा एक वाण अद्याप मापदंड म्हणून उभा आहे, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. उष्ण कटिबंधातील कोरडवाहू प्रदेशात अन्नाची शाश्वती कोणत्या प्रकारच्या संशोधनाने येते आणि कोणत्या प्रकारच्या संशोधनाने येत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

न पडणाऱ्या पावसावरचे पीक

रब्बी ज्वारी हे एक विलक्षण पीक आहे. भात, बाजरी किंवा खरीप ज्वारी पावसात वाढतात. रब्बी ज्वारीची पेरणी पाऊस सरत आला असता होते आणि पुढील चार महिने बहुधा पावसाचा थेंबही पडत नाही. जून ते सप्टेंबर या काळात मुरलेले पाणी हेच तिचे भांडवल. एक मीटर खोल काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवू शकते. जमीन उथळ असेल तर ही साठवण त्या प्रमाणात घटते. हस्ताचा पाऊस चांगला झाला तर भांडवलात भर पडते, नाही झाला तर आहे त्यावर निभवावे लागते. दिवस जातील तसा ओलावा खाली सरकतो व त्याचा पाठलाग करीत मुळे खोल जातात. जमीन भेगाळू लागली की त्या भेगांतूनच उरलासुरला ओलावा उडून जातो. कणसात दाणा भरण्याची वेळ नेमकी तेव्हाच येते, जेव्हा जमिनीची ठेव संपत आलेली असते.

म्हणून या प्रदेशातील पहिले महत्त्वाचे संशोधन बियाण्यावर नव्हे, पाण्यावर झाले. १९२३ साली पुण्याजवळील मांजरी येथे व्ही. ए. ताम्हाणे यांनी कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू केले. पुढे १९३३ च्या सुमारास शाही कृषी संशोधन परिषदेच्या साहाय्याने सोलापूर व विजापूर येथे कोरडवाहू शेती संशोधन केंद्रे निघाली. १८७६ ते १८७८ आणि १८९६ नंतरचे दुष्काळ पाहिलेली माणसे त्या वेळी गावोगाव हयात होती. संशोधकांपुढचा प्रश्न पुस्तकी नव्हता. उताराला आडवे बांध घालावेत, खोल नांगरट करावी, शेणखत द्यावे, बियाणे कमी वापरावे, दोन ओळींत अंतर अधिक ठेवावे आणि वारंवार कोळपणी करावी, अशी जी पद्धती या प्रयोगांतून तयार झाली ती ‘मुंबईची कोरडवाहू शेती पद्धती’ म्हणून ओळखली गेली. यातील बऱ्याच गोष्टी शेतकऱ्यांना तुटकपणे ठाऊक होत्या. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ असे जाणते शेतकरी म्हणत आलेच आहेत. संशोधकांनी ओलावा मोजून कोणत्या कामाने किती लाभ होतो हे दाखविले आणि सुट्या अनुभवांची एक सलग पद्धती बांधली.

निवड म्हणजे काय

मोहोळ येथे १९३० नंतरच्या दशकात जे घडले तेही याच वळणाचे होते. मालदांडी ही मुळात शेतकऱ्यांचीच स्थानिक ज्वारी. ज्वारीत परपरागीकरण थोड्या प्रमाणातच होते, म्हणून एका कणसाचे दाणे वेगळ्या ओळीत पेरले असता संतती बरीचशी आईसारखी निघते. हीच सोय निवड पद्धतीचा पाया आहे. शेतातील उत्तम कणसे निवडायची, प्रत्येक कणसाची स्वतंत्र ओळ पेरायची, ओळींची आपसांत तुलना करून सरस ओळ राखायची आणि हा क्रम अनेक हंगाम चालवायचा. अशा निवडीतून ‘एम ३५-१’ हा वाण सिद्ध झाला. त्यात बाहेरचा कोणताही संकर नव्हता. बार्शी, मंगळवेढे, विजापूर या भागांत पिढ्यान्पिढ्या कोरड सोसलेल्या ज्वारीतील उत्तम तेवढे वेगळे काढले होते, एवढेच. हे काम दिसायला साधे असले तरी चिकाटीचे आहे, आणि त्याचा मान कारखान्यात निघालेल्या नव्या वस्तूसारखा चटकन मिळत नाही.

असा सरळ वाण असल्याचा आणखी एक लाभ म्हणजे शेतकऱ्याला बियाणे घरचे राखता येते. संकरित वाणाचे बियाणे दर हंगामाला विकत घ्यावे लागते, कारण दुसऱ्या पिढीत त्याचे गुण फुटतात. दुष्काळाच्या वर्षी ज्याच्या कणगीत बियाणे आहे तो पुढील हंगामाला उभा राहू शकतो.

संकरित ज्वारीचा विजय आणि त्याची मर्यादा

१९५४ साली अमेरिकेत स्टीफन्स व हॉलंड या शास्त्रज्ञांनी ज्वारीत नरवंध्यत्वाचा उपयोग करून मोठ्या प्रमाणावर संकरित बियाणे तयार करता येते हे दाखविले. भारतात या तंत्राने तयार झालेला पहिला संकरित वाण, सीएसएच-१, १९६४ मध्ये प्रसारित झाला. डॉ. एन. गंगाप्रसाद राव यांचे नाव या कार्याशी निगडित आहे. ठेंगणा, सुमारे शंभर दिवसांत येणारा आणि खताला प्रतिसाद देणारा हा वाण आणि त्यामागून आलेले सीएसएच-५, सीएसएच-९ यांनी खरीप हंगामातील ज्वारीचे चित्र पालटले. विदर्भ, खानदेश व मराठवाडा येथील शेतकऱ्यांनी ‘हायब्रीड’ हा शब्द तेव्हाच आपलासा केला.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण ज्यांना आहे त्यांना या यशाची किंमत कळेल. त्या काळात दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जात होती आणि शिधावाटप दुकानांतून परदेशी तांबड्या ‘मिलो’ची भाकरी खाण्याची पाळी महाराष्ट्रावर आली होती. मिलो ही सुद्धा ज्वारीच. पण भाकरी थापताना तिच्या पिठाला विरी नसे, कडा चिरत आणि लहान मुले ती खायला कुरकुरत. पोट भरणे आणि जेवणे यांतला फरक त्या दोन वर्षांत घराघरांत कळला. पुढे खरीप ज्वारीचे उत्पादन वाढले तशी अशी पाळी पुन्हा आली नाही.

तथापि, लवकर फुलणारे हे वाण पाऊस चालू असतानाच कणसात येत. ओल्या हवेत दाण्यावर बुरशी चढून तो काळा पडे. काळ्या ज्वारीला खाणाऱ्याची पसंती नव्हती, म्हणून भाव नव्हता. १९९० नंतर सोयाबीन आले आणि खरीप ज्वारीच्या बऱ्याच क्षेत्राचा ताबा त्याने घेतला. भाकरीची ज्वारी मुख्यत्वे रब्बीची, अशी स्थिती त्यामुळे निर्माण झाली आणि रब्बीच्या पट्ट्यावरील जबाबदारी वाढली.

रब्बीसाठीही संकरित वाण काढण्यात आले. सीएसएच-१५ आर, सीएसएच-१९ आर ही त्यांपैकी काही. प्रयोगक्षेत्रावर त्यांचे उत्पादन समाधानकारक होते, तरीही शेतकऱ्यांनी ते उचलले नाहीत. याला शेतकऱ्यांची उदासीनता किंवा अज्ञान म्हणण्याची पद्धत आपल्याकडे होती व काही प्रमाणात अजूनही आहे. प्रस्तुत लेखकाला ते मान्य नाही. शेतकऱ्यांजवळ सबळ कारणे होती.

खोडमाशी, खडखड्या आणि कडबा

पहिले कारण खोडमाशी. ही लहानशी माशी कोवळ्या रोपाच्या पानाच्या खालच्या बाजूला अंडे घालते. अळी पोंग्यात उतरून वाढीचा कोंब खाते. पोंगा वाळतो व ओढल्यास सहज हातात येतो. यालाच शेतकरी पोंगेमर म्हणतात. मालदांडीच्या रोपाची पाने चकचकीत असतात व त्यांवर बारीक लव असते. अशा पानावर अंडी घालणे माशीला मानवत नाही. ही गोष्ट मागाहून शास्त्रज्ञांनी तपासून सिद्ध केली. ज्या संकरित वाणांच्या मातापित्यांत परदेशी रक्त अधिक होते त्यांची पाने निस्तेज व माशीला सोयीची होती.

दुसरे कारण खडखड्या रोगाचे आहे आणि ते अधिक बोधप्रद आहे. धारवाड येथे या रोगाचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. रोगाची बुरशी जमिनीतच असते. ती निरोगी, ओलावा मिळणाऱ्या ताटाचे फारसे बिघडवीत नाही. परंतु दाणे भरण्याच्या वेळी जमिनीतील ओल संपली की कणीस आपली भूक ताटातील साखरेवर भागवू लागते. ताट आतून दुबळे होते, बुरशी मुळांतून खालच्या पेरांत शिरते, आतील गर नाहीसा होऊन नुसते धागे उरतात आणि एके दिवशी वाऱ्याच्या झोताने पीक आडवे होते. म्हणजे कणसात जितके अधिक दाणे, तितकी ताटावर ओढ अधिक आणि पाणी तुटल्यास कोसळण्याचे भय अधिक. ओलिताखाली जो गुण, तोच कोरडवाहूत घात. वाणाची परीक्षा घेण्यासाठी शास्त्रज्ञ दात कोरण्याच्या बारीक काडीवर ही बुरशी वाढवितात, ती काडी फुलोऱ्यानंतर ताटाच्या खालच्या पेरात टोचतात व काढणीच्या वेळी ताट उभे चिरून बुरशी किती पेरे चढली हे मोजतात. अशा परीक्षेत टिकणारे ताट हेच कोरडवाहूचे ताट.

तिसरे कारण कडब्याचे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हिशेबात ज्वारीचे पीक एक नसून दोन आहेत : दाणा माणसाचा, कडबा जनावराचा. दुष्काळी वर्षी कडब्याच्या पेंढीला दाण्याइतकेच मोल येते. बैलजोडी आणि दुभते जनावर टिकले तर शेती टिकते. ठेंगण्या वाणाने दाणा दोन पोती अधिक दिला आणि कडबा निम्मा केला, तर शेतकऱ्याचा तोटाच होतो. प्रयोगक्षेत्रावरील तक्त्यात मात्र पूर्वी धान्याच्या उत्पादनालाच अग्रस्थान असे.

एका पिकाचे दोन खंड

ज्वारीची जन्मभूमी ईशान्य आफ्रिका मानली जाते. आजही सुदान, इथिओपिया, माली, नायजर या देशांत ती गरिबाचे मुख्य अन्न आहे आणि तेथील अडचणी आपल्याशी मिळत्याजुळत्या आहेत. या समान अडचणींसाठी १९७२ साली हैदराबादजवळ पाटणचेरू येथे अर्धशुष्क उष्ण कटिबंधातील पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था, इक्रिसॅट, स्थापन झाली. तिच्या बीजसंग्रहात ज्वारीचे चाळीस हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत. खोडमाशीला दाद न देणारा ‘आयएस १८५५१’ हा नमुना इथिओपियाचा आहे आणि पैदासकार त्याचा उपयोग करीत आले आहेत. अशा रीतीने जुने नाते नव्याने कामी येते.

इक्रिसॅटतर्फे १९७९ मध्ये सुदानला गेलेले इथिओपियन शास्त्रज्ञ डॉ. गेबिसा एजेटा यांचे कार्य या संदर्भात पाहण्यासारखे आहे. त्यांनी कोरड सोसणारा ‘हागीन दुरा-१’ हा संकरित वाण १९८३ मध्ये सुदानला दिला. त्यानंतर त्यांनी टारफुल्याचा प्रश्न हाती घेतला. टारफुला ही ज्वारीच्या मुळांवर जगणारी तणवनस्पती आपल्याकडेही आढळते. तिचे अतिसूक्ष्म बी जमिनीत वर्षानुवर्षे पडून राहते व ज्वारीच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्याची चाहूल लागली म्हणजेच रुजते. हे द्रव्य फारच कमी पाझरणारी ज्वारी निवडली तर टारफुल्याला जाग येणारच नाही, या तत्त्वावर एजेटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी नवे वाण तयार केले. २००९ साली त्यांना जागतिक अन्न पारितोषिक देण्यात आले. सुदानमध्ये संकरित वाण चालला व सोलापुरात चालला नाही, यात विसंगती नाही. दोन्हीकडे निर्णय जमिनीने व पाण्याने दिला.

आजचे वाण, जमिनीच्या खोलीप्रमाणे

रब्बीतील संशोधनाची दिशा पुढे बदलली. मालदांडीला हटविण्याऐवजी तिचे गुण राखून उणिवा भरून काढण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. धारवाड विद्यापीठाने डीएसव्ही-४ आणि विजापूर केंद्राने बीजेव्ही-४४ हे वाण दिले. राहुरी विद्यापीठाने त्याहून पुढचे पाऊल टाकून जमिनीच्या खोलीप्रमाणे वाणांची शिफारस केली. एक फुटापर्यंतच्या हलक्या जमिनीसाठी ‘फुले अनुराधा’, एक ते दोन फुटांच्या मध्यम जमिनीसाठी ‘फुले सुचित्रा’, दोन फुटांहून खोल भारी जमिनीसाठी ‘फुले वसुधा’ व ‘फुले यशोदा’, तर ओलिताची सोय असल्यास ‘फुले रेवती’ असा हा विचार आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा ‘परभणी मोती’ही लोकप्रिय आहे. हुरड्यासाठी ‘फुले उत्तरा’, लाह्यांसाठी ‘फुले पंचमी’ असे खास वाणही निघाले आहेत. याच परभणी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सहकार्याने लोह व जस्त अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा वाण २०१८ मध्ये प्रसारित केला. ज्या घरात भाकरी हेच मुख्य अन्न आहे तेथे त्याचे महत्त्व सांगावयास नको.

शिफारस जमिनीच्या खोलीवर अवलंबून असल्याने खोली माहीत असणे आवश्यक आहे आणि ती पुष्कळदा माहीत नसते. शेतात दोन-तीन ठिकाणी खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो हे पाहिले तरी पुरे. शाळांतील शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून गावशिवारातील अशा नोंदी करून घेतल्यास कृषी सहायकास त्यांचा उपयोग होईल.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करावी. फार लवकर पेरल्यास खोडमाशी वाढते, उशीर केल्यास ओल कमी पडते. काणी रोग टाळण्यासाठी बियाण्यास गंधकाची प्रक्रिया करावी. हेक्टरी दहा किलो बियाणे पुरेसे असून दोन ओळींत ४५ व दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. दाट पेरलेले पीक जमिनीतील ठेव लवकर संपविते. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यात कोळपणी करावी. तिसरी कोळपणी दातेरी कोळप्याने केल्यास भेगा बुजतात.

अजून न सुटलेले

एवढे होऊनही कोरडवाहू रब्बी ज्वारीचे सरासरी उत्पादन हेक्टरी दहा क्विंटलच्या आतबाहेरच राहिले आहे आणि क्षेत्र कमी होत आहे. अनेक गावांत तिची जागा हरभऱ्याने घेतली आहे. हरभऱ्याला श्रम कमी लागतात. ज्वारी मात्र उन्हात वाकून उपटावी लागते, कणसे खुडावी लागतात, पेंढ्या बांधाव्या लागतात. हे काम बहुतांशी स्त्रियांच्या हातून होते, आणि त्यासाठी मजूर मिळेनासे झाले आहेत. उंच ताट यंत्राने कापणे कठीण, ताट ठेंगणे करावे तर कडबा जातो. ही गाठ अद्याप सुटलेली नाही व पैदासकार आणि अवजारे बनविणारे अभियंते यांनी एकत्र बसल्याखेरीज ती सुटेल असे वाटत नाही.

दुसरी अडचण ताटातली आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ व गहू यांबरोबर भरड धान्याचाही समावेश आहे. परंतु प्रत्यक्ष वाटप मुख्यत्वे गहू-तांदळाचे होते आणि २०२३ पासून ते धान्य मोफत मिळते. ज्या तालुक्यात ज्वारी पिकते तेथील कुटुंबालाच ती विकत घेणे महाग वाटावे, अशी परिस्थिती आहे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष पाळले. त्यामुळे शहरांत ज्वारीची बिस्किटे व पोहे दिसू लागले ही समाधानाची गोष्ट आहे, तथापि मंगळवेढ्याच्या किंवा नवलगुंदच्या शेतकऱ्याला त्याहून अधिक उपयोग होईल तो पिकाच्या हंगामातच, आधारभूत किमतीने, गावाजवळ खरेदी झाल्याचा. शासकीय खरेदी केंद्रांची नोंदणी पेरणीनंतर पिकाची नोंद सातबाऱ्यावर झाली असेल तरच होते. म्हणून ज्यांनी रब्बी ज्वारी पेरली असेल त्यांनी ई-पीक पाहणीत तिची नोंद मुदतीत करावी व उतारा जवळ ठेवावा.